माथेरानच्या लाल वाटेवरची वृद्ध तट्टे

नेरळहून घाट चढून आलेली मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते आणि खरे माथेरान तेथून पुढे सुरू होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीच्या या पठारावर खासगी मोटारींना मज्जाव आहे. बाजारपेठेपर्यंतचे जवळपास अडीच किलोमीटर अंतर प्रवाशाने पायी चालावे, अमन लॉज स्थानकातून छोट्या गाडीने जावे, नाहीतर तट्टावर बसावे, अशी येथली जुनी रीत. गेल्या काही वर्षांत त्यात ई-रिक्षांची भर पडली आहे. ठाण्याचे त्या वेळचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली ही जागा हेरली. १९०७ साली पीरभॉय कुटुंबाच्या पैशाने आणि जिद्दीने नेरळहून दोन फूट रुंदीच्या रुळांवरची रेल्वे वर आली. तथापि रेल्वेच्या आधीपासून या डोंगराचा भार तट्टांच्या पाठीवर आहे, आणि तो आजही पुरता उतरलेला नाही.

सुटीत येथे येणाऱ्या व्यापारी कुटुंबांना माथेरान पाठ असते. शार्लोट तलाव, लुईझा पॉइंट, पॅनोरमा पॉइंटवरचा सूर्योदय, हॉटेलात कांदा-लसणाविना मिळणारे जेवण आणि परतताना चिक्कीची पाकिटे. ज्याच्या पाठीवर बसून हे सारे पाहिले, त्या प्राण्याकडे मात्र फोटोपुरतेच पाहिले जाते. त्यातही तट्टू म्हातारे असेल तर ते शांत म्हणून लहान मुलांसाठी आवर्जून निवडले जाते. ती शांतता स्वभावाची आहे, वयाची आहे की दुखण्याची, हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

तट्टू म्हणजे घोड्याचे पिल्लू नव्हे. खांद्यापाशी साधारण १४७ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या पूर्ण वाढलेल्या अश्वाला तट्टू म्हणण्याची पद्धत आहे. महाराष्ट्राला हा प्राणी परका नाही. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टांवर मराठ्यांच्या फौजा दौडल्या, आणि पेठांमधला माल घाटांवरून चढला-उतरला तोही तट्टे व बैल यांच्याच पाठीवरून. अंगाने लहान, खाण्याला काटक आणि पायाने खंबीर अशी ही जात. नीट सांभाळ झाला तर तट्टू पंचविशी सहज ओलांडते. पंधरा-सोळा वर्षांनंतर त्याचे म्हातारपण सुरू झाले असे पशुवैद्यक मानतात. म्हणजे आयुष्याचा तिसरा हिस्सा वार्धक्याचा असू शकतो, आणि काम करणाऱ्या जनावराच्या बाबतीत हाच हिस्सा सर्वांत दुर्लक्षित राहतो.

वय ओळखण्याची जुनी खूण दातांची. वरच्या जबड्यातील कडेच्या पुढल्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीलगत एक उभी खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती दाताच्या मध्यापर्यंत येते, विसाव्या वर्षी टोकाला पोहोचते आणि मग वरून पुसट होत जाते. हा हिशेब अंदाजाचाच आहे, पण बाजारातील जाणते त्यावर सौदे करीत आले. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत असे म्हणतात. कामाच्या तट्टाचे मात्र वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून तपासून घ्यावेत. घोड्याच्या दाढा जन्मभर हिरडीतून वर सरकत राहतात आणि चघळण्याने दर वर्षी दोन-तीन मिलिमीटर झिजतात. हे भांडवल ठरावीक आहे. विशी-बाविशीला ते संपत आले की दाढा गुळगुळीत होतात, हलतात, पडतात, कडांना टोके येऊन गाल सोलले जातात. मग तट्टू गवत तोंडात घेते, खूप वेळ घोळवते आणि ओल्या गुंडाळीसारखा अर्धवट चघळलेला घास खाली टाकते. गव्हाणीखाली अशा गुंडाळ्या दिसू लागल्या, किंवा लिदीत लांब काड्या आणि अख्खे हरभरे सापडू लागले, की फासळ्या दिसण्याच्या कितीतरी आधी मालकाला इशारा मिळालेला असतो.

आजार ओळखण्यात खरी अडचण अशी की अश्व आपले दुखणे लपवितो. कळपात राहणारा, वाघ-लांडग्यांचे भक्ष्य असलेला हा प्राणी आहे. जो लंगडला तो मारला गेला, हा त्याच्या वंशाचा हजारो वर्षांचा अनुभव. त्यामुळे अनोळखी माणूस जवळ आला की आजारी तट्टूही मान उचलते, कान टवकारते आणि आपण ठीक असल्याचे दाखविते. गिऱ्हाईक दूर गेले की मान पुन्हा खाली येते. म्हणून दुरून, त्याला न कळता, दोन मिनिटे पाहणे हे जवळ जाऊन थोपटण्यापेक्षा अधिक उपयोगाचे. २०१४ साली युरोपातील संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरील वेदनेच्या सहा खुणांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. ताठ मागे वळलेले कान, आक्रसलेल्या पापण्या, डोळ्यावरचा ताणलेला भाग, चघळण्याच्या स्नायूंचा ताठरपणा, घट्ट मिटलेले तोंड व पुढे आलेली हनुवटी, आणि ताणलेल्या नाकपुड्या. जुने मोतद्दार या सगळ्याला एकच शब्द वापरीत : जनावराचा चेहरा ‘उतरला’.

परंतु उतरलेला चेहरा ओळखायला आधी रोजचा चेहरा ठाऊक असावा लागतो. यातच सगळे आले. एका तट्टाला जे साधारण, ते दुसऱ्याला लक्षण ठरते. एखादे जन्मापासून हावरे, एखादे मुळातच चोखंदळ. एखादे रोज दुपारी मागचा एक पाय सैल सोडून पेंगते, दुसरे कधीच पेंगत नाही. मागचा पाय सैल सोडणे ही विश्रांतीची खूण आहे, पुढचा पाय वारंवार पुढे काढून ठेवणे ही दुखण्याची. हा फरक पुस्तकात वाचता येतो, पण आपले जनावर काल कसे उभे होते हे पुस्तक सांगू शकत नाही.

माथेरानच्या एका वृद्ध अश्वपालकाच्या दारी बांधलेली राणी नावाची पांढुरकी घोडी या बाबतीत उदाहरण म्हणून सांगण्याजोगी आहे. वय बावीसच्या आसपास. डोळ्यांवरचे खळगे खोल गेलेले, पाठीचा कणा किंचित वाकलेला, चाल मात्र अजून सावध. हंगामातील एका शनिवारी पहाटे खरारा करायला गेलेल्या म्हाताऱ्याला पहिली गोष्ट दिसली ती पाण्याची बादली. रात्री काठोकाठ भरून ठेवलेली बादली अर्धीसुद्धा उतरली नव्हती. थंडीच्या दिवसांत वृद्ध जनावर पाणी कमी पिते. दात दुखरे असतील तर गार पाण्याचा घोट त्याला नकोसा होतो. दुसरी गोष्ट लीद. निरोगी घोडे दिवसरात्रीतून आठ-दहा वेळा तरी लीद टाकते. रात्रभरात चार-पाच ढीग दिसायला हवेत. तेथे दोनच होते, तेही लहान, कोरड्या कडक गोळ्यांचे, वर चिकट पापुद्रा आलेले. तिसरी गोष्ट सहज निसटली असती : चंदीचा तोबरा पुढे करताच रोज खिंकाळणारी घोडी आज फक्त हुंगून बाजूला झाली, आणि एकदा मान वळवून तिने आपल्याच कुशीकडे पाहिले.

धाकटा मुलगा खोगीर घेऊन तयार होता. “बाबा, आज शनिवार आहे. सकाळच्या गाडीनं माणसं येतील. हिला उभी केली तर दिवस बुडाला.”

“हिनं पाणी प्यालेलं नाही. लीद बघ की. खोगीर ठेव खाली.”

“थोडी फिरवली की मोकळी होईल.”

“फिरवू. पण रिकामी. पाठीवर कोणी नको.”

मुलाचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे नाही. पोट धरलेल्या घोड्याला संथ फिरविण्याने कधी आराम पडतो. पण ओझ्यासह लाल मातीच्या चढणीवर नेणे आणि सावलीत मोकळे फिरविणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हाताऱ्याने खालच्या जबड्याच्या हाडावरून जाणारी नाडी दोन बोटांनी धरली आणि घड्याळ लावून मोजली. विसावलेल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते, तट्टाची किंचित अधिक. राणीची ५२ भरली. ताप नव्हता, गुदद्वारातील तापमापकाने १०० अंश फॅरनहाइट दाखविले, आणि ९९ ते १०१.५ हे अश्वाचे साधारण मान आहे. हिरड्या मात्र ओलसर गुलाबी असाव्यात तशा नव्हत्या, बोटाला चिकटत होत्या. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती सावकाश बसली. पण वृद्ध जनावराची कातडी अशीही सैल असते, म्हणून या खुणेवर त्याने भर दिला नाही. कुशीला कान लावून ऐकले. निरोगी पोटात सतत गुरगुर चालू असते. उजवीकडे ती अगदी क्षीण होती. पोटातील शांतता ही अश्वाच्या बाबतीत चांगली खूण नव्हे.

पशुवैद्यकाला फोन गेला तेव्हा सकाळचे सात वाजायचे होते. घोडी लोळत नव्हती, पाय आपटत नव्हती, घामाने भिजली नव्हती. पोटशूळाची ही ठळक लक्षणे दिसेपर्यंत थांबणारे अनेक असतात, आणि त्यातून डॉक्टर येतो तो वरातीमागून घोडे या न्यायाने. वृद्ध, सोशिक जनावर तर कित्येकदा ती ठळक लक्षणे दाखवीतच नाही. ते नुसते मान खाली घालून गप्प उभे राहते. घोड्याला उलटी करता येत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या गप्प उभे राहण्याची धास्ती वाटते. तुंबलेले पोट त्याला वरून मोकळे करता येत नाही, आणि गोष्ट जठर फुटण्यापर्यंत जाऊ शकते.

डॉक्टर येईपर्यंत म्हाताऱ्याने दोन गोष्टी कटाक्षाने टाळल्या. शेजाऱ्याने बांबूच्या नळ्याने गोडेतेल पाजण्याचा आग्रह धरला होता; त्याने ते पाजू दिले नाही. मान वर धरून जबरदस्तीने पाजलेले तेल श्वासनळीत उतरले तर पोटाच्या दुखण्यावर फुप्फुसाचे दुखणे चढते. दुसरे, घरातील वेदनाशामक गोळी चुरून दिली नाही. वेदना दबली की लक्षणही दबते, आणि तपासणाऱ्याला दिसायला काहीच उरत नाही. त्याने तोबरा दूर ठेवला, कोमट पाणी पुढे ठेवले आणि घोडीला झाडाखाली हळूहळू फिरविले.

निदान सरळ निघाले. मोठ्या आतड्याच्या वळणाशी न चावलेल्या सुक्या गवताचा कणकेच्या गोळ्यासारखा गठ्ठा तुंबला होता. डॉक्टरांनी नाकपुडीतून जठरापर्यंत नळी घातली, तिच्यातून पाणी व पॅराफिनचे तेल सोडले, वेदनेवर इंजेक्शन दिले. संध्याकाळी तेलकट लीद पडली. तिसऱ्या दिवशी तोंड उघडून दाढा तपासल्या तेव्हा एक दाढ हलत होती आणि दोन दाढांच्या कडा सुरीसारख्या झाल्या होत्या. दुखणे पोटाचे, पण घोडे पेंड खात होते ते तोंडात! कडा घासून घेतल्या, हलणारी दाढ काढली. तेव्हापासून राणीला सुके गवत नुसते चघळायला मिळते. पोट भरते ते भिजवून मऊ केलेल्या कोंड्याने, भरडून भिजवलेल्या हरभऱ्याने आणि बारीक कापलेल्या हिरव्या चाऱ्याने.

पोटानंतर पाय. अश्वविद्येत ‘पाय नाही तर घोडा नाही’ अशा अर्थाची म्हण बहुतेक सर्व देशांत आहे, आणि वृद्ध तट्टाला तर खुराच्या आतल्या सुजेचे भय सर्वांत मोठे. खुराचे कठीण कवच आणि आतील हाड यांना जोडणारे नाजूक पडदे सुजतात. कवच ताणत नसल्याने सुजेला जागा मिळत नाही आणि वेदना असह्य होते. अशा वेळी तट्टू पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून भार मागच्या पायांवर घेते, जणू मागे रेलून उभे आहे. जागच्या जागी भार या पायावरून त्या पायावर करीत राहते. वळताना पाय उचलून वळत नाही, लहान लहान पावले टाकते. मऊ मातीत बरे चालते आणि दगडी ठोकळ्यांच्या रस्त्यावर अडखळते. खुराला हात लावला तर ऊब लागते, आणि खुराच्या वर, टाचेच्या बाजूला नाडी ठोके देताना हाताला जाणवते, जी एरवी शोधावी लागते. हे दिसले की त्या दिवशी काम बंद, मऊ जमीन आणि डॉक्टर, इलाज हाच.

या दुखण्याचे एक मोठे कारण गोड खाणे आहे, आणि येथे जीवदया पाळणाऱ्या कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावयास हवे. पुष्कळ वृद्ध तट्टांच्या शरीराला साखर पेलत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीचा एक विकार पंधरा वर्षांवरील तट्टांत बराच आढळतो. त्यात केस लांब, कुरळे होतात आणि उन्हाळा आला तरी झडत नाहीत; पाठीचे मांस ओसरते, पोट सुटते, तहान व लघवी वाढते, आणि खुराची सूज पुन्हा पुन्हा येते. लोकरीसारखे केस पाहून ‘किती गोंडस’ म्हणत एखादी आजी नातवाच्या हातून त्या तट्टाला चिक्की भरवते. भावना निर्मळ, पण परिणाम उलटा. गूळ, चिक्की, लाडू, पेढे, उरलेल्या पुऱ्या यांतले काहीही म्हाताऱ्या तट्टाला देऊ नये. द्यायचेच असेल तर मालकाला विचारून हिरव्या गवताची पेंढी द्यावी, किंवा स्वच्छ पाण्याची बादली भरून द्यावी. त्याहून मोठे पुण्य त्या प्राण्याच्या दृष्टीने दुसरे नाही.

उलट टोकही तितकेच घातक. ‘पोट बिघडले आहे, दोन दिवस लंघन होऊ द्या’ हा माणसांना लागू पडणारा सल्ला तट्टाला लागू पडत नाही. स्थूल तट्टाने एक-दोन दिवस खाणे सोडले तर शरीरातील चरबी एकदम रक्तात उतरते आणि यकृत निकामी होऊ शकते. तट्टूने स्वतःहून खाणे टाकले तर तो उपवास नव्हे, ते आजारपण आहे.

बाकीच्या काही खुणा अशा की वाटेने चालणाऱ्यालाही दिसतात. घोडे उभ्याने पेंगते हे खरे, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ आडवे व्हावे लागते. सांधे दुखणारे म्हातारे तट्टू उठता येणार नाही या भीतीने आडवेच होत नाही. मग उभ्या उभ्या झोप लागून पुढचे पाय दुमडतात, ते कोसळता कोसळता सावरते, आणि पुढच्या पायांवर, खुराच्या वरच्या सांध्यापाशी, घासल्याच्या जखमा होतात. अशा जखमा पाहून ‘दगड लागला असेल’ म्हणून सोडून देऊ नये. माथेरानच्या दाट झाडीतून एकदम उघड्या कड्यावर येताना, सावलीतून उन्हात, जे तट्टू थबकते किंवा ठेच खाते, त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे का हे पाहावे. फेब्रुवारी ते मे या काळात येथली लाल धूळ गुडघ्यापर्यंत उडते. विसाव्यातही नाकपुड्या फुगविणारे आणि श्वास सोडताना कुशी दोन टप्प्यांत आत ओढणारे तट्टू दम्याचे आहे. विश्रांतीत मिनिटाला आठ ते सोळा श्वास हे साधारण मान. खोगिराखाली पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर त्या जागी पूर्वी जखम होऊन गेलेली असते. आणि भरपूर खाऊनही वाळत चाललेले, पोटाखाली व पायांवर सूज असलेले, अधूनमधून ताप येणारे तट्टू असेल तर घोडमाशांमार्फत पसरणाऱ्या सर्रा रोगासाठी रक्त तपासावे लागते.

प्रवाशाच्या हातात एक गोष्ट निश्चित आहे, ती म्हणजे स्वतःचे वजन. ओझ्याच्या जनावरांसंबंधी केंद्र सरकारचे १९६५ सालचे नियम आहेत. त्यांनुसार पाठीवर माल वाहणाऱ्या तट्टासाठी मर्यादा ७० किलो, खेचरासाठी २०० किलो आणि गाढवासाठी ५० किलो. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा जास्त घेऊ नये, आणि तापमान ३७ अंशांवर गेलेल्या भागात दुपारी बारा ते तीन काम घेऊ नये. हा आकडा मालासाठीचा आहे. पण धान्याच्या पोत्याचे वजन किलोवर आणि शेटजींचे वजन प्रतिष्ठेवर मोजावे असे तट्टाच्या पाठीला कोणी सांगितलेले नाही. अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आणि ‘अन्नपाननिरोध’ हे दोन सांगितले आहेत. पेढीवरच्या बैलगाड्या व तट्टे डोळ्यांपुढे ठेवूनच व्यापारी श्रावकांना ते सांगितले गेले असावेत, असे वाटण्याइतके ते नेमके आहेत.

आता प्रश्न पैशाचा, आणि तो टाळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. अश्वपालकाला वाईट ठरविणे सोपे असते. त्याच्या ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला एक-दोन तट्टे आणि एक खोगीर, देण्याच्या बाजूला चारा, नालबंद, डॉक्टर आणि घर. पावसाळ्यात कमाई जवळजवळ थांबते, तट्टाचे पोट थांबत नाही. यंत्राचा घसारा कागदावर लिहिता येतो आणि जुने यंत्र भंगारात काढता येते. तट्टाचा घसारा गव्हाणीपुढे उभा राहून खिंकाळतो. त्यात २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षा आल्या. हातरिक्षा ओढणाऱ्या माणसांची माणुसकीला न शोभणाऱ्या कष्टांतून सुटका व्हावी हे योग्यच आहे. अश्वपालकांनी मात्र रोजीच्या भीतीने विरोध केला, आणि ती भीतीही खोटी नव्हे. फेऱ्या कमी झाल्या तर तरुण तट्टे कमी कष्टांत जगतील. म्हाताऱ्यांचे काय होईल, याचे उत्तर कोणत्याही दरपत्रकात नाही. खाली उतरवून विकलेले वीस वर्षांचे तट्टू वरातीत, वीटभट्टीवर किंवा आणखी कोठे जाते, याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही.

या ठिकाणी समाजाची जुनी परंपरा उपयोगी पडण्यासारखी आहे. सर जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ अमीचंद शहा यांनी १८३४ साली मुंबईत पांजरापोळ उभारली, ती मुक्या जनावरांना आसरा मिळावा म्हणूनच. गुजरात-महाराष्ट्रातील पांजरापोळींना व्यापारी पेढ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या धर्मादाय दिला. पण बहुतेक ठिकाणी व्यवस्था गाई-बैलांची असते, आणि तट्टू हे गाईचे धाकटे भावंड नव्हे. गुरांच्या काही तयार खुराकांत मोनेन्सिनसारखी द्रव्ये घातलेली असतात. गाईला ती पचतात, घोड्याच्या हृदयाला ती विषासमान आहेत. त्याला वेगळी गव्हाण, दीड-दोन महिन्यांनी खुरांची छाटणी, वर्षातून एकदा दातांची तपासणी आणि धनुर्वाताची लस लागते, आणि सोबत एखादे दुसरे घोडे किंवा निदान गाढव लागते. एकटे ठेवलेले अश्व झुरते. देणगी देणाऱ्या कुटुंबाने पावती घेताना एवढे चार प्रश्न विचारले तरी व्यवस्थापकांची नजर त्या कोपऱ्याकडे वळेल.

माथेरानलाही हेच साधे मार्ग आहेत. बसण्याआधी तट्टू चालवून दाखवा म्हणावे आणि त्याच्या पावलांकडे पाहावे. खोगिराखालची पाठ पाहायला मागावी. चांगला अश्वपालक त्याने रागावत नाही, उलट त्याला बरे वाटते. म्हातारे तट्टू नाकारताना मालकाचा अपमान होणार नाही असे बोलावे, आणि जमल्यास त्याच मालकाचे दुसरे तट्टू घ्यावे, म्हणजे म्हाताऱ्याला उभे ठेवण्याचा दंड त्याच्या पोटाला बसणार नाही. सोलापूरकडील एका कुटुंबाने राणीच्या मालकाशी असेच केले. आजोबांचे वजन नव्वदीच्या घरात, त्यामुळे ते स्वतः अमन लॉजच्या गाडीत बसले. नातवंडे त्याच्या तरुण घोड्यावर पाळीपाळीने फिरली. निघताना आजोबांनी एका फेरीचे पैसे अधिक दिले. मालक ते घेईना. “ही चालली नाही, तर कशाचे?” असे त्याने विचारले. “उभी राहिली त्याचे,” असे म्हणून आजोबांनी नोटा त्याच्या हातात ठेवल्या.

राणी आता आठवड्यातून दोन-तीन दिवस सकाळच्या गारव्यात एखादी हलकी फेरी करते, तीही लहान मुलाची आणि सपाट वाटेची. अगदी बांधून ठेवली तर सांधे धरतात, म्हणून डॉक्टरांनीच एवढी हालचाल सांगितली आहे. थंडीत रात्रीचे पाणी कोमट करून ठेवले जाते. बादलीच्या आतल्या बाजूला म्हाताऱ्याने खिळ्याने चार रेघा ओढल्या आहेत. पहाटे मुलगा उठतो, विजेरीचा उजेड बादलीत पाडतो आणि पाणी कितव्या रेघेवर आहे ते पाहून मगच खोगिराला हात लावतो.